माईंच्या छत्तीस चौकटी

कडोदरा हे नाव वाचकांपैकी पुष्कळांनी बसच्या खिडकीतूनच वाचले असेल. मुंबईहून अहमदाबादेस जाणारा महामार्ग आणि सुरतेहून बारडोलीस जाणारा रस्ता येथे एकमेकांस छेदतात. त्या चौकात ट्रक, रिक्षा आणि चहाच्या लाऱ्या यांची अशी दाटी असते की तिच्यापलीकडे एक गाव आहे, हे प्रवाशाच्या ध्यानीमनीही येत नाही. पलसाणा महाल बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात मोडत असे, त्या काळी आमचे पणजोबा वहिवाटदाराच्या कचेरीत कारकून म्हणून या बाजूस आले आणि येथलेच झाले. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली गुजरात वेगळा झाला, उसाची शेते मागे सरली आणि गिरण्या आल्या. आम्ही मात्र घरात मराठी, ओट्यावर गुजराती आणि रागावलो म्हणजे दोन्ही, असे बोलत राहिलो.

या गिरण्या सूत कातणाऱ्या नव्हेत. विणून आलेले कोरे, मळकट कापड, ज्याला येथे 'ग्रे' म्हणतात, ते घ्यावयाचे, धुवावयाचे, रंगवावयाचे, छापावयाचे आणि सुरतेच्या बाजारात परत पाठवावयाचे, एवढाच त्यांचा धंदा; म्हणून नावही 'प्रोसेस हाउस'. आमचा पुतण्या अशाच एका ठिकाणी तीस वर्षे कलर मास्टर आहे. रंग जेथे तोलून, खळीत घोटून तयार होतात त्या खोलीला तेथे 'कलर किचन' म्हणतात. त्यामुळे आमच्या घरात दोन स्वयंपाकघरांच्या गोष्टी चालतात, आणि दुसऱ्यातील अधिक रंगतात. 'शेड जुळणे' हा शब्द आमच्याकडे रोजचा. व्यापाऱ्याने नमुन्याची चिंधी दिली की हजारो मीटरांच्या लॉटला ती छटा आली पाहिजे. पहिल्या साडीला आली आणि शेवटच्या साडीला चढली, तर माल 'सेकंड' म्हणून अर्ध्या भावात जातो. एकेक साडी कितीही सुरेख असो, एकसारखेपणा नसेल तर तिची किंमत नाही.

हे सारे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की गतवर्षी आमच्या घरात कापडाची नव्हे, माईंची शेड जुळविण्याचा प्रसंग आला.

माई म्हणजे आमच्या मातोश्री. त्या १९९१ साली गेल्या. त्यांचे छायाचित्र घरात एकच. १९३८ साली लग्नानंतर शहरातील एका स्टुडिओत काढविलेले. माईंचा वर्ण सावळा होता. 'सावळा' हे आपल्याकडील सौजन्य झाले. खरे पाहता त्या चांगल्या काळ्या होत्या. वडिलांचा होकार येण्यापूर्वी दोन ठिकाणांहून याच कारणाने नकार आला होता, हे माई स्वतः हसत हसत सांगत. त्या हसण्यात किती हसू होते याचा विचार आम्ही पुष्कळ उशिरा, त्या गेल्यानंतर करू लागलो. त्या काळच्या छायाचित्रकारांपाशी अशा नवरीसाठी एक हुकमी इलाज असे. निगेटिव्हवर चेहऱ्याच्या जागी बारीक टोकाची शिसपेन्सिल हलक्या हाताने फिरवावयाची. जेथे शिसे चढते तेथून उजेड कमी जातो आणि कागदावर ती जागा तितकी गोरी उतरते. ही सेवा न विचारता होत असे. फोटोत वडिलांशेजारी जी गोरीपान नवरी बसली आहे तिला माईंनी उभ्या जन्मात आपली म्हटले नाही. वडिलांनी पुरणपोळीसारखे काही अवेळी फर्माविले की त्या म्हणत, "फोटोतलीला सांगा, ती करील."

१९६९ च्या उन्हाळ्यात शेजारच्या पटेलांचे थोरले चिरंजीव नैरोबीहून आले होते. त्यांच्यापाशी 'सुपर एट' जातीचा हातात मावणारा सिनेकॅमेरा होता. ही जात १९६५ साली निघाली. फीत आठ मिलिमीटर रुंदीची, आणि सेकंदाला अठरा चित्रे. त्यांनी आंबा, गाय, घर, सगळे टिपले. ओघात आमच्या अंगणाकडेही कॅमेरा वळविला. ती रिळे पुढे लेस्टरला गेली, डब्यात राहिली, आणि आता तिसऱ्या पिढीने ती संगणकावर उतरवून घेतली तेव्हा आमच्या वाट्याचे चार सेकंद त्यांनी आठवणीने आम्हाला पाठविले. शेजारधर्म समुद्र ओलांडूनही टिकतो तो असा.

त्या चार सेकंदांत माई ओसरीच्या अंधारातून अंगणात येतात. एका हातात चिकाचे पातेले, दुसऱ्यात सोऱ्या. खाटेवर पांढरे धोतर पसरले आहे, त्यावर कुरडयांच्या दोन ओळी घालून झालेल्या आहेत. माई वाकतात, मान वर करतात, कॅमेरा त्यांच्या दृष्टीस पडतो, आणि सोऱ्या धरलेल्या हातानेच 'नको, नको' करीत त्या हसतात. संपले. पण चेहरा दिसत नाही. कॅमेऱ्याला प्रकाश मोजणारा आपोआप चालणारा डोळा होता. भर उन्हातले पांढरे धोतर समोर येताच त्याने झाप मिटून घेतली, आणि धोतर वाचविण्याच्या नादात माई काळोखात गेल्या. हसणे कळते ते दातांवरून.

आमची नात संगणकाचे शिक्षण घेते. चेहरेपट्टी आणि वर्ण दोन्ही तिने पणजीचे घेतले आहेत. तिने या चार सेकंदांचे 'जिफ' करावयाचे ठरविले. अमेरिकेतील कॉम्प्युसर्व्ह कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या हाताखाली १९८७ साली हा प्रकार तयार झाला. नाव 'गिफ' की 'जिफ' यावरून तिकडे वाद आहे. पण २०२२ साली निवर्तलेले विल्हाइट स्वतः शेवटपर्यंत 'जिफ'च म्हणत, आणि देवनागरीत लिहिणाऱ्याला तर वादाला जागाच नाही. याला आवाज नसतो, कळ दाबावी लागत नाही. संपले की पुन्हा पहिल्यापासून, लहान मुलांच्या पाढ्यांच्या उजळणीसारखे. बहात्तर चित्रांतील एकाआड एक घेऊन तिने छत्तीस ठेवली. प्रत्येक चौकट किती वेळ दिसावी हे जिफमध्ये सेकंदाच्या शंभराव्या भागात सांगावयाचे असते; तिने अकरा सांगितले. आम्ही जन्मभर गणित शिकविले असल्यामुळे ताळा करून पाहिला: चार सेकंदांना चार शतांश सेकंद कमी. चालण्यासारखे.

हलते चित्र म्हणजे न हलणाऱ्या चित्रांची माळ, हे दादासाहेब फाळक्यांनी १९१२ सालीच आपल्या लोकांना दाखविले होते. कुंडीतल्या वाटाण्याचे दिवसामागून दिवस एकेक चित्र घेऊन त्यांनी 'अंकुराची वाढ' ही छोटी फीत केली, आणि तिच्या जोरावर 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल उभे केले. आपणा गुजरातेतील मराठी मंडळींना याचा थोडा अधिक अभिमान असावयास हरकत नाही, कारण फाळके छायाचित्रणकला शिकले ते बडोद्याच्या कलाभवनात. १८९० साली सयाजीराव महाराजांनी काढलेल्या त्या संस्थेचे प्रमुख प्रा. त्रिभुवनदास गज्जर हे मूळचे सुरतेचे, रसायनशास्त्री, आणि कापड रंगविण्याच्या शास्त्रीय शिक्षणाचे या देशातील एक आद्य प्रवर्तक. एकाच आवारात एकीकडे कापडाला रंग देणे शिकवीत आणि दुसरीकडे काचेवर चित्र उतरविणे. आमच्या घरात काका कलर मास्टर आणि पुतणी चित्रांच्या मागे, तेव्हा कलाभवनाची एक लहानशी शाखा कडोदऱ्यास निघाली असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

नातीने प्रथम समोर दिसणारी चौकट उजळ केली आणि चित्र चालू केले. पाहतो तो विलक्षण प्रकार. भिंत उजळली, खाट उजळली, माई तशाच, आणि त्यांच्याभोवती अंधाराचा एक चौकोन. त्या हलल्या की चौकोनही हलावयाचा. याचे कारण जिफची काटकसर. पहिले चित्र संपूर्ण साठवावयाचे, पुढच्या चौकटींत जेवढे बदलले तेवढाच तुकडा ठेवावयाचा, बाकी मागचेच दिसू द्यावयाचे. भिंत हलत नाही, म्हणून ती पहिल्या चौकटीची उधार घेतलेली. माई हलतात, म्हणून त्यांचे तुकडे पस्तीस चौकटींत स्वतंत्र, आणि त्यांना उजेडाची वार्ताच नाही. तेव्हा असल्या कामात प्रथम प्रत्येक चौकट उधारी फेडून पूर्ण करून घ्यावी लागते, मग हात लावावयाचा. ही सोय तशा कामाच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते.

चौकटी पूर्ण झाल्यावर तिने त्या एकेक करून यंत्राच्याच हवाली केल्या: तूच पाहा आणि तूच नीट कर. यंत्राने प्रत्येक चौकट नव्याने पाहिली. जेथे धोतर अधिक तेथे त्याला वाटले उजेड पुष्कळ आहे, जेथे कमी तेथे वाटले अंधार आहे. प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे योग्य, आणि एकत्र पाहावे तर दिवा फडफडतो आहे. चार सेकंदांत माई तीन वर्णांच्या झाल्या. पुतण्या मागे उभा राहून पाहत होता, तो म्हणाला, "हा लॉट सेकंडमध्ये गेला." सिनेमाच्या प्रयोगशाळांतही फितीची प्रत काढताना छपाईचा उजेड एक ते पन्नास अशा अंशांत ठरवीत. पण तो एका दृश्याला एक, चौकटीगणिक नव्हे. छत्तीसांना एकच आकडा लावला तरच ती छत्तीस एका बाईची राहतात.

मग तिने सर्वांना सारखाच उजेड मिळविला. मिळविला म्हणजे बेरीज केली. त्याने धोतर जळून गेले. आधीच पांढरे होते ते आणखी कोठे जाणार? त्यात कुरडया नाहीशा झाल्या. आणि ओसरीच्या दाराचा काळोख राखेसारखा करडा झाला. खरी युक्ती अशी की काळ्याला काळे आणि पांढऱ्याला पांढरे राहू द्यावे, आणि मधल्या छटा तेवढ्या वर उचलाव्यात. चेहरा असतो तो मधल्या छटांत. हेही तिने केले, तर माईंच्या गालावर डोंगर-उताराच्या शेतांसारख्या पायऱ्या उमटल्या. एका जिफ चौकटीला रंगांचा तक्ता दोनशे छप्पन्न घरांचा; त्यातली काळोखाच्या वाट्याला आलेली थोडी घरे ताणली की मधली रिकामी पडणारच. यावर पुतण्याने दिलेला सल्ला गिरणीतला होता. "वाफ दिलेल्या कापडावर कसली दुरुस्ती करतेस? ग्रेपर्यंत मागे जा." म्हणजे लेस्टरहून आलेली मूळ फीत घ्यावयाची, उजेड तेथे दुरुस्त करावयाचा, आणि जिफ सर्वांत शेवटी. तसे केल्यावर पायऱ्या जवळजवळ गेल्या.

कसे करावयाचे हे येथपर्यंत सुटले. किती करावयाचे, यावरून घरात वाद लागला.

आमच्या थोरल्या वहिनी, म्हणजे पुतण्याच्या मातोश्री, चौऱ्यांशी वर्षांच्या आहेत. त्यांनी नातीला सांगितले, "अजून कर. आणखी थोडे." ती करीत गेली आणि एका टप्प्यावर माई गव्हाळ झाल्या. वहिनी म्हणाल्या, "इथे ठेव. त्या बिचारीला जन्मभर ऐकावे लागले. आता तरी उजळ दिसू दे." हे प्रेमाने म्हटलेले होते, सासूविषयी इतक्या प्रेमाने बोलणाऱ्या सुना आम्ही फार पाहिल्या नाहीत. पण नातीने हात काढून घेतला. ती म्हणाली, "मोठी आजी, मग ही पण फोटोतलीच होईल." आणि थोड्या वेळाने, "माझ्यासारखी दिसणारी घरात एक तरी असू दे की."

कोणी काही बोलले नाही. तिच्यासाठी स्थळे पाहणे सुरू आहे, आणि परिचयपत्रासाठी काढलेला तिचा फोटो छायाचित्रकाराने न सांगता 'स्वच्छ' करून दिला होता, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. शिसपेन्सिल गेली, सेवा राहिली.

आपल्या भाषेत 'उजळ' हा शब्द मोठा दुटप्पी आहे. दिवा उजळतो, माथा उजळ असतो, आणि मुलगीही उजळ असते किंवा नसते. प्रकाश, अब्रू आणि कातडी यांना आपण एकाच मापाने मोजतो. हे केवळ आपल्याकडचेच खूळ आहे असे मात्र नाही. कोडॅक कंपनीने छपाईच्या प्रयोगशाळांना रंग जुळविण्यासाठी जे नमुन्याचे कार्ड दिलेले असे, त्यावर अनेक वर्षे एका गोऱ्या स्त्रीचे चित्र असे. तिच्या नावावरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिचा वर्ण नीट उतरला की रंग जुळले. गडद तपकिरी छटा फितीवर नीट येत नाहीत ही तक्रार कंपनीने मनावर घेतली ती, तेथीलच जुन्या माणसांच्या सांगण्याप्रमाणे, चॉकलेट आणि लाकडी सामान बनविणाऱ्यांनी केली तेव्हा. माणसांच्या चेहऱ्यांनी तोवर पुष्कळ वाट पाहिली होती. आमच्या फितीत दोष धोतराचा होता, तेव्हा येथे कोणावर खापर फोडावयाचे नाही. पण नमुना कोणाचा धरावयाचा, हा प्रश्न आमच्या ओसरीवर आला तो तोच.

पुतण्याने तो आपल्या परीने सोडविला. तो म्हणाला, "काका, पसंतीवर शेड ठरत नाही. चिंधी हवी." माईंच्या अंगावर त्या दिवशी गर्द हिरवे, तांबड्या काठांचे नऊवारी होते. त्याच लुगड्याचा तुकडा माईंच्या पश्चात केलेल्या गोधडीत आहे, हे वहिनींनी सांगितले. गोधडी त्यांनीच शिवली होती. वरून तो वाळक्या निंबाच्या पाल्यासारखा झाला आहे. पुतण्याने दोन बोटे शिवण उसवली. आत दुमडून गेलेल्या कापडावर तीस-पस्तीस वर्षांत ऊन पडलेले नाही, धुण्याचा मारही थोडा. तेथे हिरवा अजून हिरवा होता. वहिनींनी त्यावरून बोट फिरविले आणि म्हणाल्या, "हेच."

गोधडी मोटारसायकलवर बांधून तो गिरणीत घेऊन गेला. तेथे शेड पाहण्याची एक पेटी असते. आतून करडी, आणि आत निरनिराळे दिवे. एका दिव्याखाली जुळलेली छटा दुसऱ्याखाली वेगळी पडते, म्हणून दिवसाच्या उजेडासारखा दिवा, दुकानात असतो तसा दिवा, सर्वांखाली पाहावे लागते. तेथून मनाची खात्री करून घेऊन तो घरी आला, आणि सकाळी दहाच्या सुमारास अंगणात, सावलीच्या कडेला, त्याने गोधडी व संगणक शेजारी मांडले. मग त्याने एक गोष्ट केली जी आम्हाला सुचली नसती. कागदाचा कपटा कापून पडद्यावर माईंच्या चेहऱ्याच्या जागी धरला. "चेहरा कोणी बघायचा नाही. लुगडे बघा, धोतर बघा, दार बघा."

नात एकेक अंश चढवीत गेली. दार काळेच राहिले पाहिजे, धोतराचे सूत दिसले पाहिजे, त्यावर कुरडया मोजता आल्या पाहिजेत, आणि लुगडे शिवणीतल्या हिरव्याशी मिळाले पाहिजे. फितीचा हिरवा आणि कापडाचा हिरवा तंतोतंत एक होत नाहीत, हे त्याने आधीच सांगून ठेवले होते. पण 'जवळ येतो आहे' आणि 'पुढे गेला' हे डोळ्याला कळते. तीस वर्षे त्याच कामावर असलेल्या डोळ्याला तर फारच. एका ठिकाणी तो म्हणाला, "बस." नातीने आकडा वहीत लिहून घेतला आणि तोच छत्तीसही चौकटींना लावला.

एक शंका राहिली होती. माई ओसरीतून बाहेर येतात तेव्हा कॅमेऱ्याचा डोळा मिटत जातो, म्हणून पहिल्या पाच-सहा चौकटी पुढच्यांहून वेगळ्या आहेत. त्याही सारख्या करता आल्या असत्या. आम्ही त्या राहू द्याव्यात असे सुचविले. वैशाखात घरातून अंगणात पाऊल टाकले की क्षणभर कोणाचेही डोळे दिपतात. ते दिपणे पुसून काय मिळवावयाचे? पुतण्याला हे पटले नाही. गिरणीत असला माल खपला नसता, असे तो म्हणाला. पण नातीने आमची बाजू घेतली.

कपटा काढला. माई काळ्या होत्या. पण आता कपाळावरचे कुंकू दिसत होते, डाव्या गालावरची देवीच्या व्रणांची तीन टिंबे दिसत होती (त्यांना लहानपणी देवी आल्या होत्या, हे आम्ही विसरून गेलो होतो), आणि घामाने चकाकणारा गळा. आणि हसू डोळ्यांतही होते. केवळ दातांवरून ते निराळेच वाटत असे.

वहिनींनी संगणक जवळ ओढून घेतला. चित्र फिरत राहिले. माई बाहेर आल्या, वाकल्या, नको नको म्हणाल्या, पुन्हा बाहेर आल्या. दहा-बारा वेळा तरी झाले असेल. वर्णाविषयी त्या काही बोलतील म्हणून आम्ही सारे वाट पाहत होतो.

"चीक पातळ झाला होता त्या वर्षी," वहिनी म्हणाल्या. "बघ, ओळी पसरल्या आहेत. मी त्यांना सांगत होते."